लोह जमिनीत आहे, पण पिकाला मिळत नाही

आता बघा, चुनखडीच्या काळ्या जमिनीत उसावर केवडा पडतो. कोवळी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. लगेच आपण म्हणतो, खत कमी पडलं, आणि युरिया टाकतो. पण नत्र कमी असेल तर आधी खालची, जुनी पानं पिवळी पडतात. इथे कोवळी पडली, म्हणजे लोहाची कमतरता. आणि गंमत अशी, की जमिनीत लोह भरपूर असतं. मग अडतं कुठे? सामूवर.

सामू 7 म्हणजे उदासीन. त्याखाली आम्लधर्मी, वर अल्कधर्मी. एका अंकाचा फरक म्हणजे आम्लतेत दहापट फरक. साधारण 6.5 ते 7.5 बहुतेक पिकांना मानवतो. 8 च्या पुढे लोह, जस्त फारसं विरघळत नाही, आणि न विरघळलेलं मुळांना घेता येत नाही. अंगणातल्या लॉनचंही तेच.

कोकणातल्या जांभ्याच्या जमिनीत उलट. तिथे आम्लता जास्त, स्फुरद अडकतं, म्हणून चुना देतात. तोच चुना इथे टाकला तर केवडा वाढेल.

तेव्हा आधी माती तपासून घ्या. केवडा असेल तर हिराकस नुसतं मातीत टाकू नका, तेही अडकेल. शेणखतात मुरवून द्या, किंवा लिटरला 5 ग्रॅम घेऊन पानांवर फवारा.