उशाजवळच्या पिस्तुलाचं गणित

अमेरिकेतल्या सामान्य नागरिकांकडे किती बंदुका आहेत? जीनिव्हाच्या ‘स्मॉल आर्म्स सर्व्हे’ या संस्थेने 2017 सालासाठी काढलेला अंदाज 39 कोटी 30 लाखांचा होता. तेव्हा त्या देशाची लोकसंख्या होती साडेबत्तीस कोटींच्या आसपास. तान्ह्या बाळापासून अंथरुणाला खिळलेल्या आजोबांपर्यंत प्रत्येकाला एकेक वाटली, तरी साडेसहा कोटींहून जास्त उरतील. जगातल्या झाडून साऱ्या सैन्यांकडची अशी हाती वापरायची शस्त्रं मिळून 13 कोटी 30 लाख. म्हणजे जगभरच्या सैनिकांकडे जेवढी आहेत, त्याच्या जवळजवळ तिप्पट एकट्या अमेरिकेच्या घराघरांत आहेत. त्यातली प्रत्येक बंदूक फक्त पिस्तुलाएवढी, 20 सेंटिमीटर लांबीची धरली आणि एकीपुढे एक मांडत गेलं, तर विषुववृत्ताला जवळपास दोन वेढे पडतील.

या ढिगात शिकारीच्या रायफली आणि शॉटगनही आहेत. पण बंदूक घेण्यामागचं कारण एका पिढीत पार बदललं. 1999 सालच्या एका जनमत पाहणीत मुख्य कारण म्हणून 49 टक्के मालकांनी शिकार सांगितली होती आणि 26 टक्क्यांनी संरक्षण. 2023 मध्ये ‘प्यू’ संशोधन केंद्राने विचारलं, तेव्हा 72 टक्क्यांनी संरक्षण हे मोठं कारण असल्याचं सांगितलं. दोन्ही वेळी प्रश्न थोडा वेगळा विचारला होता, हे मान्य. तरी जंगलासाठी घेतली जाणारी बंदूक आता दिवाणखान्यासाठी घेतली जाते, हे स्पष्ट आहे.

कायदाही संरक्षणासाठी बंदूक घेणाऱ्यांच्या बाजूने उभा राहिला. राजधानी वॉशिंग्टनमध्ये 1976 पासून नागरिकांना पिस्तूल बाळगायला जवळजवळ बंदी होती आणि घरातली इतर बंदूक सुटी करून किंवा चापाला कुलूप लावून ठेवावी लागे. 26 जून 2008 रोजी सर्वोच्च न्यायालयाने हेलर खटल्यात 5 विरुद्ध 4 मतांनी हे दोन्ही नियम रद्द केले. स्वसंरक्षणासाठी घरात चालू स्थितीतलं पिस्तूल ठेवणं हा नागरिकाचा घटनात्मक हक्क ठरला. काही जण याच्याही पुढे जातात. दार फुटल्यावर तिजोरी उघडायला वेळ कुठे असतो, म्हणून ते घरात वावरतानाही भरलेलं पिस्तूल कमरेलाच ठेवतात, स्वयंपाक करताना आणि टीव्ही बघतानासुद्धा. मोंटानासारख्या राज्यात, जिथे शेजारचं घर काही मैलांवर असतं आणि पोलिसांची गाडी यायला बराच वेळ लागतो, तिथे एकट्या राहणाऱ्या बाईला वाटणारी भीती मला खोटी वाटत नाही. पण ती भीती आणि तिच्यावरचा हा उपाय, दोन्ही आकड्यांच्या तराजूत घालून बघायलाच हवेत.

आधी भीती. अमेरिकेच्या न्याय खात्याने 2003 ते 2007 या काळाचा हिशेब मांडला आहे. वर्षाला सरासरी 37 लाख घरफोड्या. त्यांपैकी घरात माणूस असताना झालेल्या सुमारे 10 लाख. त्या माणसावर हात उचलला गेला किंवा त्याला धमकावलं गेलं, अशा सुमारे 2 लाख 67 हजार. देशात तेव्हा साडेअकरा कोटींच्या आसपास कुटुंबं होती. म्हणजे वर्षाला साधारण 430 घरांमागे एका घरावर ही वेळ येत होती. संख्या लहान नाही, तिच्यामागे माणसं आहेत. पण त्याच अहवालात आणखी एक आकडा आहे: हिंसा झालेल्या या घरफोड्यांत 65 टक्के वेळा हल्लेखोर ओळखीचाच होता. घटस्फोटित नवरा, जुना मित्र, नातलग. ज्या अनोळखी माणसासाठी पिस्तूल कमरेला लावलं जातं, तो या यादीत अल्पसंख्य आहे.

आता उपाय. बंदुकीमुळे वर्षाला किती जण स्वतःला वाचवतात? 1995 मध्ये गॅरी क्लेक आणि मार्क गर्ट्झ या गुन्हेशास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलेला आकडा आजही भाषणांत ऐकू येतो: वर्षाला 25 लाख. सरकारच्या गुन्हापीडितांच्या पाहणीतून निघणारा आकडा 60 ते 70 हजारांच्या घरात आहे. दोन्हींत जवळपास चाळीस पटींचा फरक!

हा फरक कसा पडला, हे मुळातून समजून घेण्यासारखं आहे. क्लेक आणि गर्ट्झ यांनी सुमारे 5 हजार लोकांना फोनवर विचारलं. गेल्या वर्षात बंदुकीने स्वसंरक्षण केलं, असं सांगणारे निघाले शंभरात जेमतेम सव्वा ते दीड. हे प्रमाण त्या वेळच्या साधारण 19 कोटी प्रौढांना लावलं की 25 लाख होतात. पण एवढ्या दुर्मीळ गोष्टीची अशी पाहणी करताना शंभरात एकाने जरी चुकून, फुशारकीने किंवा त्याआधीची घटना गेल्या वर्षातली समजून ‘हो’ म्हटलं, तर एका झटक्यात 19 लाखांची भर पडते. हार्वर्डचे डेव्हिड हेमेनवे यांनी 1997 मध्ये याची एक तपासणी केली. क्लेक यांच्या आकड्यांनुसार साडेआठ लाखांच्या आसपास घरफोड्यांत घरमालकाने बंदूक वापरली. घरात नक्की कुणीतरी होतं अशा घरफोड्या तेव्हा होत्या सुमारे 13 लाख आणि बंदूक असलेली कुटुंबं 42 टक्के. गुणाकार केला तर बंदूक आणि माणूस दोन्ही हजर होते अशी घरं साडेपाच लाखांच्या आतच राहतात. त्यांतली कित्येक माणसं तर झोपलेली होती. साडेपाच लाख घरांत साडेआठ लाख वेळा प्रतिकार कसा होईल? हेमेनवे यांनी 1994 सालची आणखी एक जनमत पाहणीही समोर ठेवली. तिच्यात 10 टक्के अमेरिकनांनी परग्रहावरचं यान पाहिल्याचं सांगितलं होतं आणि त्यातल्या 6 टक्क्यांनी परग्रहवासीयांशी संपर्क आल्याचंही. तोच गुणाकार इथे केला, तर दहा लाखांहून जास्त अमेरिकन परग्रहवासीयांना भेटले आहेत असं मानावं लागेल.

याउलट मृत्यूंची नोंद मृत्युदाखल्यावर असते, तिथे फुशारकीला जागा नाही. 2021 मध्ये अमेरिकेत गोळीने 48 हजार 830 माणसं गेली. संपूर्ण व्हिएतनाम युद्धात अमेरिकेचे 58 हजारांवर सैनिक मेले. या वेगाने तेवढी माणसं साधारण सव्वाचौदा महिन्यांत आपल्याच देशात जातात. आणि या 48 हजारांत निम्म्याहून जास्त, 26 हजार 328, आत्महत्या आहेत.

आर्थर केलरमन आणि डोनाल्ड रे यांनी 1986 मध्ये सिअ‍ॅटल शहर ज्यात येतं त्या किंग काउंटीतल्या सहा वर्षांच्या नोंदी तपासल्या. बंदूक असलेल्या घरांतच गोळीने 398 मृत्यू झाले होते. त्यात 333 आत्महत्या होत्या. आत शिरू पाहणारा घुसखोर मारला गेला, असे मृत्यू फक्त 2. स्वसंरक्षणातले इतर मृत्यूही धरले, तरी अशा प्रत्येक मृत्यूमागे घरच्या बंदुकीने आत्महत्या, खून आणि अपघात मिळून 43 बळी घेतले. यावर आक्षेप निघाला की गोळी न झाडता पळवून लावलेले चोर या हिशेबात येतच नाहीत. आक्षेप रास्त आहे. म्हणून त्यापुढचं काम मला जास्त मोलाचं वाटतं. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी कॅलिफोर्नियातल्या 2 कोटी 63 लाख प्रौढांची 2004 ते 2016 या काळातली नोंद तपासली. पिस्तूल असलेल्या पुरुषांत गोळीने आत्महत्या करण्याचं प्रमाण इतर पुरुषांच्या सुमारे 8 पट होतं, आणि स्त्रियांत 35 पट. 2022 मध्ये त्यांनी पिस्तूल स्वतःचं नसलेल्या, पण पिस्तूलधारकाच्या घरात राहणाऱ्यांकडे पाहिलं. नवऱ्याच्या किंवा जोडीदाराच्या गोळीने घरात मरण्याचा त्यांचा धोका 7 पट निघाला. अशा बळींत 84 टक्के स्त्रिया. अनोळखी माणसाकडून मारलं जाण्याचा धोका कमी झाल्याचं मात्र दिसलं नाही.

ज्याला मरायचंच आहे तो दुसरा मार्ग शोधेल, असं लोक म्हणतात. हे खरं नाही. ह्यूस्टनमध्ये मरणाच्या दारातून परतलेल्या 13 ते 34 वयाच्या 153 जणांना विचारलं, तेव्हा 24 टक्क्यांनी सांगितलं की निर्णय आणि कृती यांच्यात पाच मिनिटंही गेली नव्हती. अशा प्रयत्नातून वाचलेल्या दहापैकी नऊ जण पुढे आत्महत्येने मरत नाहीत. ती पाच मिनिटं निभावणं महत्त्वाचं असतं, आणि पिस्तुलाने केलेल्या प्रयत्नातून दहात एखादाच वाचतो. वर्षाचे 8,760 तास पिस्तूल हाताशी असतं. चोर यायची वेळ आली तर काही मिनिटांची. उरलेला सगळा वेळ ते घरातल्या भांडणाजवळ, दारूजवळ, नैराश्याजवळ आणि मुलांजवळ असतं. 2015 च्या एका पाहणीनुसार 46 लाख अमेरिकन मुलं अशा घरांत राहत होती, जिथे किमान एक बंदूक भरलेली आणि कुलपाबाहेर होती.

महाराष्ट्रात चित्र निराळं आहे. केंद्रीय गृह खात्याच्या नोंदीनुसार 2016 अखेर राज्यात सुमारे 84 हजार शस्त्रपरवाने होते, म्हणजे तेराशेहून जास्त माणसांमागे एक. जिल्हाधिकारी किंवा पोलिस आयुक्तांपुढे कारण पटवावं लागतं. तरीही 1 ऑक्टोबर 2024 च्या पहाटे अभिनेता गोविंदा यांच्या परवान्याच्या रिव्हॉल्वरमधून मुंबईतल्या राहत्या घरी गोळी सुटली आणि त्यांच्याच पायात शिरली. ते बचावले.

न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्नियात राहणाऱ्या मराठी आईबाबांना म्हणून एक विनंती. मुलाला मित्राच्या घरी खेळायला पाठवताना तिथे कुत्रा आहे का, खाण्याची अ‍ॅलर्जी कुणाला आहे, हे आपण विचारतो. त्याच फोनवर घरात बंदूक आहे का आणि ती कुलपात आहे का, हेही विचारा. तिथले बालरोगतज्ज्ञच हा सल्ला देतात, त्यामुळे संकोच नको. स्वतःकडे असेल तर गोळ्या काढून ती कुलपात ठेवा आणि गोळ्या वेगळ्या कुलपात. घरातलं कुणी खचलेलं दिसत असेल, तर तेवढ्या काळापुरती ती घराबाहेर हलवा आणि त्या माणसाशी बोला. मदतीसाठी अमेरिकेत 988 हा क्रमांक आहे, भारतात 14416.