कूलंट किती टक्के? थेंब मोजा, कळेल
हळदीचा डाग साबणाने लाल होतो, हे वसमतच्या पोराला सांगायला नको. साबण अल्कधर्मी असतो, म्हणून रंग पालटतो. सीएनसी मशीनमधलं दुधाळ कूलंट टायट्रेशनने तपासतात, तेही अशाच रंगबदलावर.

हिंगोलीतून आयटीआय करून वाळूज-चाकणला गेलेल्या मित्राकडे बहुतेक रिफ्रॅक्टोमीटर असेल. थेंब टाकायचा, ब्रिक्स वाचायचा, कूलंट कंपनीच्या फॅक्टरने गुणायचं. झटपट काम! पण मशीनचं वंगण तेल कूलंटमध्ये मिसळलं की रेषा धूसर होते आणि आकडा फसवतो.

टायट्रेशनमध्ये कूलंट मोजून घ्या, इंडिकेटर टाका, मग सौम्य आम्ल थेंबथेंब सोडा (हातमोजे, चष्मा घालूनच). रंग बदलला की थांबा. थेंब गुणिले किटवरचा फॅक्टर, म्हणजे टक्केवारी. इथे कूलंटमधला अल्कधर्मी भाग मोजला जातो, त्यामुळे वरच्या तेलाचा त्रास कमी. हळद मात्र इथे चालणार नाही, ती फार लवकर पिवळी होते.

टक्के कमी पडले तर जॉबला गंज, टाकीला कुबट वास. जास्त झाले तर ऑपरेटरच्या हाताला खाज, पुरळ. जुन्या कूलंटमध्ये क्षार साठतात, तेव्हा टायट्रेशनही चुकू शकतं. म्हणून दोन्ही आकडे तारखेसह मोबाइलमध्ये लिहा. त्यांच्यातला फरक वाढत चालला, तर नुसतं कूलंट ओतू नका, आधी टाकी बघा.