नाव खोडले, तरी ओळख उरते

पटनोंदणी असो वा जनगणना, घरोघर जाऊन माहिती गोळा करण्याचे काम शिक्षकांच्या वाट्याला येतेच. अशा वेळी दारातली एखादी बाई विचारते, "गुरुजी, हे सगळं लिहून घेताय, ते जाणार कुठं?" जनगणनेपुरते या प्रश्नाचे उत्तर कायद्यात आहे. १९४८ च्या जनगणना कायद्याच्या १५ व्या कलमानुसार या नोंदी पाहण्याचा अधिकार कोणालाही नाही. त्या कायद्याखालचे खटले सोडले, तर त्या न्यायालयात पुरावा म्हणूनही चालत नाहीत.

पण सगळीच माहिती कुलपात ठेवून भागत नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या राष्ट्रीय कार्यक्रमाचा ती भाग आहे. बार्शी, परंडा आणि भूम तालुक्यांतल्या गावांतून जमवलेल्या नोंदींमुळे ग्रामीण स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाचा कर्करोग किती आढळतो, हे समजले. असे ज्ञान माहिती एकत्र केल्यावरच मिळते. मात्र एका रुग्णाचा आजार गावभर झाला, तर दुसरी बाई तपासणीला येईल का?

यावर सहज सुचणारा उपाय म्हणजे नावे खोडून यादी देणे. तो पुरेसा नाही. १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने सरकारी कर्मचाऱ्यांच्या रुग्णालयीन नोंदी नावे काढून संशोधकांना दिल्या. लटान्या स्वीनी या विद्यार्थिनीने केंब्रिज शहराची मतदारयादी २० डॉलरना विकत घेतली आणि दोन्ही याद्या जुळवून पाहिल्या. राज्याचे गव्हर्नर विल्यम वेल्ड यांची जन्मतारीख असलेले त्या शहरात सहाच जण होते. त्यांत पुरुष तीन, आणि वेल्ड यांच्या टपाल विभागात राहणारा एकच! गव्हर्नरांची वैद्यकीय नोंद अशी उघडी पडली.

आता सीमेवरचा अक्कलकोट तालुका घ्या. इथे मराठीबरोबर कन्नड आणि उर्दू माध्यमाच्याही शाळा आहेत. बिननावी यादीत गाव, माध्यम, इयत्ता आणि जन्मतारीख एवढेच असले, तरी लहान गावात तो मुलगा कोण हे शेजारी सांगू शकेल.

मग माणूस झाकून समूहाचे चित्र दाखवता येईल का? येते. स्टॅन्ली वॉर्नर यांनी १९६५ मध्ये सुचवलेल्या कल्पनेचे एक सोपे रूप वर्गात करून पाहण्याजोगे आहे. समजा, किती विद्यार्थी तंबाखू खातात हे ४०० मुलांच्या शाळेत शोधायचे आहे. प्रत्येकाने गुपचूप नाणे उडवावे. छाप पडला तर खरे उत्तर लिहावे. काटा पडला तर पुन्हा नाणे उडवावे. या वेळी छाप आला तर 'हो' आणि काटा आला तर 'नाही' लिहावे, खरे काहीही असो.

समजा, १३० 'हो' आले. साधारण २०० मुलांनी नाण्याच्या हुकमाने उत्तर दिले. त्यांतले सुमारे १०० 'हो' नाण्याचेच. उरलेले ३० 'हो' खरे बोलणाऱ्या २०० मुलांचे. म्हणजे प्रमाण सुमारे १५ टक्के. शाळेचा अंदाज मिळाला, पण 'हो' लिहिणाऱ्या एकाही मुलाला पकडता येत नाही. "माझं नाणंच तसं पडलं," असे तो केव्हाही म्हणू शकतो.

या आडोशाची किंमत मात्र मोजावी लागते. नाण्यामुळे अंदाज ढोबळ होतो. सरळ विचारून खरी उत्तरे मिळाली असती, तर जेवढी अचूकता आली असती, तेवढीच नाण्याने आणायची तर वरच्या उदाहरणात सुमारे सातपट मुलांना विचारावे लागेल. तालुक्यासाठी हे जमेल. वीस घरांच्या वस्तीसाठी आकडा निरुपयोगी ठरेल.

संशोधन हवे ते नेमके इथे: आडोसा तोच ठेवून ही किंमत कमी कशी करायची? २००६ मध्ये सिंथिया ड्वर्क आणि सहकाऱ्यांनी किती गोंधळ मिसळल्यास किती संरक्षण मिळते, याचे गणित मांडले. अमेरिकेच्या २०२० च्या जनगणनेत ते वापरले गेले, आणि लहान वस्त्यांचे आकडे बिघडतात म्हणून त्यावर वादही झाला. नोंदी रुग्णालयातच ठेवून फक्त हिशेबाचे निष्कर्ष एकत्र आणण्याच्या पद्धतीही तयार होत आहेत.

हा खर्च कोणी करावा? माहिती गोळा करणे हाच ज्यांचा धंदा, त्यांना ती झाकण्याची घाई कशी असेल? फायदा सर्वांचा असल्याने पैसाही सार्वजनिक हवा. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने २०२४ मध्ये यासाठी स्वतंत्र अनुदान योजना काढली. भारतात मार्च २०२४ मध्ये १०,३०० कोटी रुपयांहून अधिक खर्चाच्या इंडिया एआय मिशनला मंजुरी मिळाली. त्याखाली त्याच वर्षी निवडलेल्या आठ संशोधन प्रकल्पांत खासगीपणा जपण्याचा विषय आहे, आणि पुण्याच्या डिफेन्स इन्स्टिट्यूट ऑफ ॲडव्हान्स्ड टेक्नॉलॉजीचा त्यांत सहभाग आहे.

या पैशाचे चीज झाले की नाही, हे शोधनिबंधांच्या संख्येवरून ठरवू नये. बार्शीसारख्या नोंदणीला आणि तालुक्याच्या शाळेला ही साधने वापरता आली पाहिजेत. तोवर मुलांची माहिती मागणारा नवा तक्ता हाती आला, की प्रत्येक रकान्याला एक प्रश्न विचारावा: हा रकाना नसता, तर नेमके काय अडले असते?