नान्नजचा माळ

सोलापूरहून बार्शीच्या रस्त्याला लागलं की वीसेक किलोमीटरवर नान्नज येतं. द्राक्षवाल्यांना हे गाव पक्कं ठाऊक आहे. सोनाका आणि शरद सीडलेस ही वाणं इथल्याच नानासाहेब काळे यांनी निवडून पुढे आणली. पक्षीवाल्यांना ते माळढोकामुळे ठाऊक. दोन्हींची कीर्ती साधारण एकाच काळात झाली. फरक एवढाच, की द्राक्षाला पाणी मिळालं आणि माळढोकाला अधिसूचना.

ती अधिसूचना १९७९ सालची. माळढोक अभयारण्याचं क्षेत्र ठरलं ८,४९६ चौरस किलोमीटर. अख्खा गोवा त्यात दोनदा बसून वर जागा उरली असती. उत्तर सोलापूर, मोहोळ, माढा, करमाळा, तिकडे नगर जिल्ह्यातले कर्जत, श्रीगोंदे, नेवासे असे तालुकेच्या तालुके त्यात आले. म्हणजे गावं आली, बाजारपेठा आल्या, रेल्वे आली आणि हजारो शेतकऱ्यांचे सातबारे आले. वनखात्याच्या प्रत्यक्ष ताब्यातली जमीन या सगळ्यात तुकड्या-तुकड्यांची.

आज हे वाचून हसू येतं, पण त्यामागचा विचार अगदीच खुळा नव्हता. माळढोक एका कुरणात बसून राहणारा पक्षी नाही. नर दहा-बारा किलोंचा, उंची मीटरभर, आणि हिंडतो कोसच्या कोस. त्याला जेवढा माळ लागतो तेवढा सगळा राखायचा, तर रेघ लांबच ओढावी लागणार. चूक रेघेच्या लांबीत नव्हती. रेघेच्या आत राहणाऱ्यांना कुणी काही विचारलं नाही, ही चूक होती. जमीन विकायची तर अडचण, बिगरशेती करायची तर अडचण, रस्ता करायचा तर परवानगी. ज्याने जन्मात माळढोक पाहिला नव्हता त्यालाही तो पक्षी आपला वैरी वाटू लागला. पुढे तीन दशकांनी कात्री लावून अभयारण्य सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं, तोवर व्हायचा तो कडवटपणा होऊन गेला होता.

पण नान्नजची खरी गोष्ट अधिसूचनेच्या आधी सुरू होते. बहात्तरच्या दुष्काळानंतर अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमातून नान्नज, मार्डी, अकोलेकाटी, कारंबा या भागात माळाचे काही प्लॉट राखले गेले. हेतू चाऱ्याचा होता, पक्ष्याचा नव्हे. चराई थांबली आणि उघडाबोडका मुरूम गवताने झाकला. पवन्या, मारवेल, कुसळी, मधे बोर नि तरवड. गवत आलं तसे नाकतोडे आले, सरडे आले, आणि माळढोक दिसू लागले. माळ परत आणायला फार मोठी विद्या लागत नाही. मुळं जिवंत असली आणि काही पावसाळे त्याला उसंत मिळाली, की तो आपला आपण उठतो. आपल्याकडे ही उसंतच मिळणं कठीण.

बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे असद रहमानी यांनी ऐंशीच्या दशकात मध्य प्रदेशातलं करेरा, आंध्रातलं रोल्लापाडू आणि आपलं नान्नज इथे या पक्ष्याचा अभ्यास केला. त्यातून दिसलेली एक गोष्ट कुंपणवाल्यांच्या पचनी पडायला जड आहे. माळढोकाला एकसारखं उंच गवत नको असतं. पावसाच्या सुमाराला नर मादीसमोर गळ्याची पिशवी फुगवून, शेपटी पाठीवर उलटी टाकून उभा राहतो आणि घुमतो. त्यासाठी त्याला मोकळी, चरलेली, आखूड गवताची, शक्यतो थोडी उंचावरची जागा हवी. तिथून तो लांबवर दिसला पाहिजे. मादी उघड्या जमिनीवरच अंडं घालते, बहुधा एकच, पण तिला आसपास आडोशापुरतं गवत हवं. चरायला दोघांनाही शेत चालतं: भुईमूग, हरभरा, ज्वारीच्या रानातले किडे, बांधावरची बोरं. म्हणजे थोडी मेंढरं, थोडं राखलेलं गवत आणि भोवती कोरडवाहू शेती. जुना सोलापूर जिल्हा नेमका असाच होता. धनगराची मेंढरं या व्यवस्थेतली घुसखोर नव्हती, तिचा भाग होती. फक्त किती आणि कधी, एवढाच प्रश्न.

तो प्रश्न शांतपणे सोडवायच्या आत भोवतालची शेतीच बदलली. उजनीचं पाणी आलं, बोअर खोल गेल्या, ऊस आणि द्राक्ष वाढले. उसाच्या फडात माळढोक काय करणार? द्राक्षाच्या मांडवाखाली तर त्याला उतरताही येत नाही. विजेच्या तारांचं तेच. शरीर जड, समोरचं दिसतं कमी, तार लक्षात येईपर्यंत उशीर झालेला असतो.

आणि राखलेल्या माळाचं आपण काय केलं? झाडं लावली. मोकळी जमीन दिसली की खड्डे खणण्याची आपल्याला सरकारी सवय आहे. नान्नजच्या कुरणांत गिरिपुष्प लावलं गेलं. ते वाढलं, सावली झाली, गवत हटलं, आणि पुढे तेच गिरिपुष्प काढून टाकायची पाळी आली. झाड तोडणं म्हणजे निसर्गाचं रक्षण, हे शाळेतल्या पोराला समजावणं सोपं नाही, मंत्र्यांना तर नाहीच. २०१९च्या पावसाळ्यात राज्याने ३३ कोटी झाडांचा संकल्प सोडला. एवढी झाडं लावायला रिकामी जागा हवी, आणि महसुली दप्तरात माळ रिकामाच असतो: पड, पोटखराबा, गायरान.

करेऱ्यातून माळढोक गेला. नान्नजला अलीकडच्या गणनांत एखादी मादी दिसली तरी बातमी होते.

नान्नजशेजारी रेहेकुरीचं उदाहरण ठेवून पाहावं. कर्जत तालुक्यातलं हे काळवीट अभयारण्य १९८० सालचं, क्षेत्र अवघं २.१७ चौरस किलोमीटर. माळढोक अभयारण्याच्या जवळजवळ चार हजारावा हिस्सा. पण ही जमीन वनखात्याच्या हातात होती, आणि काळविटं वाढून शेकड्यांत गेली. सुप्याच्या मयूरेश्वरला पाच चौरस किलोमीटरवर चिंकारा टिकली आहे. लहान जागेचे तोटे आहेतच. काळवीट कुंपण मानत नाही, शेजारच्या ज्वारीत जातो आणि शिव्या खातो. तरी कागदावरच्या आठ हजारांपेक्षा हातातले दोन बरे, असं माझं मत होत चाललं आहे. माळढोकाला दोन पुरत नाहीत, ही त्यातली मेख.

अलीकडे एक वेगळा प्रयोग पाहायला मिळतो. इंदापूरच्या कडबनवाडीत आणि बारामतीच्या गाडीखेलला पुणे वनविभागाने माळरान सफारी सुरू केली. लांडगा, खोकड, तरस, चिंकारा बघायला लोक पैसे भरून येतात आणि गावातली पोरं वाटाडे म्हणून बरोबर जातात. ज्या लांडग्याच्या नावाने मेंढपाळ बोटं मोडतो, त्याच्यामुळे गावात चार पैसे येतात, हे नवलच. अर्थात मेंढरू गेलं मेंढपाळाचं आणि पैसे मिळाले वाटाड्याला, हा हिशेब अजून जुळायचा आहे.

राजस्थानात जैसलमेरजवळ सम इथे २०१९पासून माळढोकाची पैदास सुरू आहे, अंड्यांतून पिल्लं वाढवली जातात. २०२४ साली कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लू झालं. उद्या यातले काही पक्षी नान्नजला आणायचे म्हटले, तर पिंजऱ्याचं दार उघडणं हे त्यातलं सोपं काम. त्याआधी तारा जमिनीखाली घालाव्या लागतील आणि उरलेलं गिरिपुष्प उपटावं लागेल. कुठल्या प्लॉटवर कुणाची मेंढरं कुठल्या महिन्यात चरणार, हे मार्डी-अकोलेकाटीच्या लोकांबरोबर बसून ठरवावं लागेल. आणि शेजारच्या रानात ऊस सोडून भुईमूग नि ज्वारी घेणाऱ्याला मधला फरक कोण भरून देणार, याचं उत्तर वनखात्याच्या अंदाजपत्रकात आकड्यानिशी लिहावं लागेल.