फळीखालचे पाते आणि केसभराचा फरक

वॉटर स्कीइंगच्या स्लॅलम प्रकारात दोन्ही पाय एकाच फळीवर बांधलेले असतात. मोटारबोटीचा दोर धरून खेळाडू सहा बोयांना आळीपाळीने डावी-उजवीकडून वळसा घालतो. बोट मधून सरळ जाते, बोये मध्यरेषेपासून साडेअकरा मीटर दूर. पुरुषांच्या स्पर्धेत बोटीचा वेग ताशी ५८ किलोमीटरवर पोहोचला की तो वाढवत नाहीत, दोर आखूड करत नेतात. १८.२५ मीटरचा दोर १०.७५ मीटरवर आला, की तो बोयापर्यंत पुरतच नाही. उरलेले अंतर खेळाडूने पाण्यावर जवळजवळ आडवे होऊन गाठायचे.

अशा वळणात फळीचे शेपूट धरून ठेवते ते तिच्याखालचे उभे धातूचे पाते, म्हणजे फिन. लांबी साधारण १७ सेंटिमीटर, खोली सहा-साडेसहा. पाते पाण्याला थोडे तिरके भिडले की विमानाच्या पंखासारखे त्यावर बल येते, पण बाजूने. ताशी ५८ किलोमीटरला वाहत्या पाण्याचा दाब चौरस सेंटिमीटरला सुमारे १.३ किलो भरतो, आणि लाटा ओलांडताना खेळाडू बोटीपेक्षाही वेगात असतो. वेग दुप्पट झाला तर बल चौपट. मात्र पाते फार तिरके झाले, किंवा पृष्ठभागावरची हवा त्याच्या कमी दाबाच्या बाजूने आत शिरली, तर पकड एकाएकी सुटते.

म्हणून हौशी खेळाडूंचे प्रयोग सुरू होतात. स्क्रू ढिले करून पाते पुढे-मागे, खाली-वर सरकवणे हा सोपा भाग. पाते खोल केले की शेपूट अधिक घट्ट धरते, वर घेतले की लवकर घसरते. काहीजण त्यापुढे जातात: कडा कानसतात, भोके पाडतात, टोक पातळ करतात. पात्यावर आडवा बसवलेला छोटा पंख ब्रेकसारखे काम करतो, त्याचा कोनही बदलून पाहतात.

मापे व्हर्निअर कॅलिपरने, इंचाच्या हजाराव्या भागात घेतली जातात. पाच हजारांश म्हणजे ०.१३ मिलिमीटर, जेमतेम दोन केसांची जाडी. एवढा बदल पायाला कळतो असे खेळाडू शपथेवर सांगतात. कळतही असेल, पण त्याच दिवशी बाकीचे काय बदलले? पाणी १० अंशांवरून २५ अंशांवर गेले, तर त्याची चिकटता सुमारे एक तृतीयांशाने घटते. वारा, थकवा, बोटीतले वजन हेही असतेच. शिवाय आपण स्क्रू फिरवला आहे हे मेंदूला ठाऊक असते आणि त्याला सुधारणा हवी असते. औषधांच्या चाचणीत रुग्णाला खरी गोळी कोणती ते सांगत नाहीत, तीच युक्ती इथे चालते: पाते मित्राने लावावे, कधी बदलावे, कधी नुसतेच उघडून पुन्हा तिथेच बसवावे, आणि खेळाडूने न विचारता फेऱ्या माराव्यात. किती बोये झाले ते मित्राने वहीत लिहावे. एका वेळी एकच बदल, मध्येमध्ये मूळ मापावर परत.

सरकवलेले पाते मागे घेता येते, कानसलेले नाही. त्यामुळे भोके पाडायची तर जास्तीच्या पात्यावर. कानसलेली कड सुरीसारखी कापते, ती आधी गुळगुळीत करावी लागते. आणि पकड चुकीच्या क्षणी सुटली किंवा फळीचे टोक अचानक पाण्यात रुतले, तर पाय बांधलेला खेळाडू पुढे फेकला जातो आणि घोट्याला इजा होऊ शकते. नव्या पात्याच्या पहिल्या फेऱ्या कमी वेगाने, लांब दोरावर आणि बोये सोडून मारतात त्या यासाठी.