घण आमचा, सर्टिफिकेट कोणाचे?

नाशिकची त्रिरश्मी लेणी ज्या काळ्या पाषाणात कोरली गेली, तो बेसॉल्ट. त्याच्या पोकळ्यांत झिओलाइट, अपोफिलाइट असे देखणे स्फटिक सापडतात. नाशिकच्या खाणींतले हे स्फटिक जगभरच्या संग्राहकांकडे गेले. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात असे स्फटिक काचेआड मांडलेले आहेत. खडी फोडणाऱ्या वडार, दलित, आदिवासी मजुराच्या हाती मात्र रोजंदारीच आली. दगडाची किंमत ठरविणारा वेगळा आणि घण मारणारा वेगळा!

दक्षिण आफ्रिकेत हे कायद्याने केले होते. 1911 च्या खाण कायद्याखालील नियमांनी सुरुंग उडविण्यासारख्या कामांची सर्टिफिकेटे गोऱ्यांसाठी राखली. 1923 मध्ये न्यायालयाने ते नियम बेकायदा ठरविले, तर 1926 मध्ये सरकारने कायदाच बदलून भिंत पक्की केली. सोने काळ्याने काढायचे, खाण गोऱ्याने चालवायची. आपल्याकडे असा कायदा करावाच लागला नाही. जातीने ते काम फुकट केले.

बाबासाहेबांनी हे नेमके ओळखले होते. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना डिसेंबर 1943 मध्ये ते धनबाद भागातल्या कोळसा खाणीत स्वतः उतरले. 1944 मध्ये कोळसा खाण कामगारांसाठी कल्याण निधी आला. पण त्याही आधी, ऑक्टोबर 1942 च्या निवेदनात, त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या विज्ञान-तंत्र शिक्षणासाठी आणि परदेशी शिक्षणासाठी सरकारकडे पैसा मागितला होता. मजुराला संरक्षण हवे आणि मजुराच्या मुलाला इंजिनिअरिंगही हवे, असा तो हिशेब होता.

मग सातपूर, देवळालीचा आपला मुलगा परदेश म्हटले की एमबीए नाहीतर कॉम्प्युटर एवढेच का पाहतो? ऑस्ट्रेलियात कालगूर्ली या सोन्याच्या गावी 1903 पासून खाणशाळा आहे, आज ती कर्टीन विद्यापीठाचा भाग आहे. गावाला लागूनच सुपर पिट ही अवाढव्य उघडी खाण. खाणीच्या इंजिनिअरिंगमध्ये खोदकामाखेरीज बरेच असते: खडकाचा दाब, भुयारात हवा खेळती ठेवणे, सुरुंगाची आखणी, खनिजाचा कस, आणि खाण संपल्यावर त्या जमिनीचे काय करायचे, हेसुद्धा. हा शेवटचा प्रश्न सुरजागडच्या आदिवासीच्या बाजूने विचारणारा इंजिनिअर आपल्याकडे किती आहेत?

पैशाची वाट आहे. राज्याच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीच्या जागा 75. केंद्राच्या योजनेत अनुसूचित जातींसाठी 115. दोन्ही मास्टर्स आणि पीएचडीसाठी. म्हणजे आधी नागपूरच्या व्हीएनआयटीत किंवा धनबादला मायनिंगची पदवी घ्यावी लागेल. पण इथे एक मेख आहे. या योजना विद्यापीठाची एकूण क्यूएस क्रमवारी पाहतात. अमेरिकेतील कोलोरॅडो स्कूल ऑफ माइन्स खाण विषयात जगात अगदी वरच्या जागी असते, एकूण यादीत मात्र पहिल्या तीनशेतही नसते. आयटी आणि खाणकाम एकाच फूटपट्टीने मोजणारे हे बाबू खाणीत कधी उतरलेत काय? विषयवार क्रमवारी धरा, ही मागणी समाजकल्याण आयुक्तांकडे विद्यार्थी संघटनांनी लावून धरली पाहिजे.

मुलींनीही मागे राहू नये. 2019 मध्ये भूमिगत खाणीत तांत्रिक व व्यवस्थापकीय कामावर स्त्रियांना दिवसपाळीची परवानगी मिळाली. आणि जाण्यापूर्वी एक काम सर्वांनीच करावे: भारतात खाण व्यवस्थापक व्हायला खाण सुरक्षा महासंचालनालयाचे सक्षमता प्रमाणपत्र लागते. आपली परदेशी पदवी त्याला चालेल का, हे त्यांच्याकडून लेखी घेऊन ठेवा.