मिश्र घाटांचं शतक

1852 ते 1870 हा फ्रान्समध्ये तिसऱ्या नेपोलियनच्या साम्राज्याचा काळ. तेव्हाच्या शोभेच्या फुलदाणीत ग्रीक घाट, मुलामा दिलेले ब्राँझचे कान, पोटावर अठराव्या शतकातला दरबारी देखावा आणि काठाला चिनी किंवा इराणी वेलबुट्टी असं सगळं सुखाने नांदे. पुढच्या पिढीतल्या अनेक जाणकारांनी या सरमिसळीला नाकं मुरडली. पण सगळीच सरमिसळ उथळ नव्हती. पॅरिसच्या थिओडोर डेक या कुंभकाराने तुर्कस्तानातल्या इझनिकच्या भांड्यांचा अभ्यास करून स्वतःची फिरोजी झिलई सिद्ध केली. 1887 मध्ये सेव्ह्रच्या चिनी मातीच्या सरकारी कारखान्याची सूत्रं त्याच्याच हाती आली.

आपल्याकडेही नव्या-जुन्याची गाठ याच दशकांत पडत होती. 1853 मध्ये आगगाडी ठाण्याला पोचली, 1854 मध्ये कल्याणला. 1857 मध्ये मुंबईत जे. जे. कलाशाळा सुरू झाली. तिथे जॉर्ज विल्किन्स टेरी यांनी 1870 नंतरच्या दशकात मातीकामाला चालना दिली. झिलईची विद्या सिंधच्या कुंभारांकडून आली, तर नक्षीसाठी अजिंठा धावून आला. 1872 पासून जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी लेण्यांतल्या चित्रांच्या प्रतिकृती करत होते. त्यातल्या आकृती फुलदाण्यांवर उतरल्या. लंडनला पाठवलेल्या प्रतिकृतींपैकी कितीतरी 1885 मध्ये तिथे लागलेल्या आगीत जळाल्या. भट्टीतून निघालेली भांडी मात्र टिकली.

काही भांडी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत, काही भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात. भायखळ्याचं हे संग्रहालय 1872 मध्ये खुलं झालं. त्याची घडी बसवणाऱ्या जॉर्ज बर्डवुड यांनीच 1878 च्या पॅरिस प्रदर्शनातल्या भारतीय विभागाची पुस्तिका लिहिली.

या काळाकडे वळून पाहताना मला मिश्र शैलीची एकच कसोटी पटते: उसनं घेतलेलं किती मुरवलं? दरबारी चित्र नुसतं चिकटवलं, तर ती सजावट. सिंधची झिलई आणि अजिंठ्याची रेषा एकाच भट्टीत भाजून निघाली, तर ती नवी कला. ठाणे-कल्याण-डोंबिवलीकरांना भायखळा लोकलच्या वाटेवरच आहे. त्यांनी एकदा उतरून ही भांडी पाहावीत. टेरी आणि ग्रिफिथ्स यांची नावं इतिहासाने जपली. ज्या कुंभारांनी आणि विद्यार्थ्यांनी हात मळवले, त्यांतल्या बहुतेकांची जपली नाहीत. श्रेयाचा मोठा वाटा त्यांचा आहे.